शेजारची बंद खिडकी आणि आपली चूल

गेल्या ईदची गोष्ट. शेजारच्या काकू नेहमीप्रमाणे शीरखुर्म्याला आल्या होत्या. त्यांच्या आणि आमच्या परसाची भिंत एकच. राजारामपुरीतली आमच्या गल्लीतली बरीच घरं अशीच एकमेकांना चिकटून उभी आहेत. वाटी खाली ठेवून उठताना काकू म्हणाल्या, "राग येणार नसेल तर एक सांगू? पहाटे तुमचा बंब पेटला की आमच्या नातवाला धाप लागते. महिनाभर मागची खिडकी बंदच ठेवली होती आम्ही."

"काकू, मग आधी का नाही बोललात?"

"रोज्याचे दिवस, तुमची पहाटेची घाई. म्हटलं, महिन्याचा तर प्रश्न आहे."

आम्हाला काय बोलावं ते सुचेना. शाळेत आम्ही मुलांना शेजाऱ्याचे हक्क शिकवतो. ज्याच्या त्रासापासून शेजारी निर्धास्त नाही, त्याच्या ईमानाविषयी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काय फरमावलं आहे, हे आपल्या घरातल्या लहान पोरांनाही ठाऊक असतं. आणि इथे आम्ही सहरीला उठून वुजूसाठी गरम पाणी काढत होतो, तेव्हा भिंतीपलीकडे एक पोर पंप तोंडात धरून बसलेलं होतं. आमच्या इबादतीत अडचण नको म्हणून त्या घराने महिनाभर खिडकी उघडली नव्हती.

पाहुणे गेल्यावर आम्ही परसात जाऊन नीट पाहिलं. अब्बांच्या काळातला तांब्याचा बंब. त्याच्या शेजारी अम्मींची मातीची चूल, वैलासकट. गॅस घरात कधीचाच आहे, पण भाकरी, मटणाचा रस्सा आणि रमजानमधली मशिदीत पाठवायची इफ्तारीची देग परसातच होते. दारच्या नारळाच्या झावळ्या आणि करवंट्या फुकट मिळतात. शिवाय फर्निचरच्या कारखान्यातून स्वस्तात आणलेलं प्लायवूडच्या तुकड्यांचं एक पोतं होतं. बंबाच्या तोंडाशी अर्धवट वितळलेली दुधाची पिशवीही सापडली. जाळ लवकर लागावा म्हणून ती कुणीतरी टाकली होती. कुणीतरी म्हणजे आम्हीच.

अम्मींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चुलीचा धूर काय आजचा आहे? आमची हयात गेली त्यात." हे खरं होतं. पण दर थंडीत अम्मींचा खोकला उठतो, आणि डॉक्टरांनी त्यांना एकदा विचारलं होतं, "तुम्ही बिडी ओढता का?" तेव्हा घरात सगळे हसले होते. आता त्या प्रश्नाचा अर्थ लागला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरात जाळल्या जाणाऱ्या लाकूड, कोळसा, शेणी, रॉकेल अशा इंधनांच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून अधिक बालकं होती. या धुरातले अतिसूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या कित्येक पट लहान असतात. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत, ते थेट फुप्फुसात उतरतात. जाळाजवळ सर्वांत जास्त वेळ बसते ती घरातली बाई, आणि तिच्या मांडीवर असतं तिचं मूल.

धूर म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. चूल निवडताना पुढचं सगळं त्यावरच ठरतं. धूर म्हणजे जळून गेलेलं लाकूड नव्हे, तर न जळलेलं लाकूड. लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन निघतं. मग लाकडातून वायू सुटतात, आणि आपल्याला दिसणारी ज्योत म्हणजे त्या वायूंचं जळणं. त्यांना पुरेशी उष्णता आणि पुरेशी हवा मिळाली तर ते जळून जातात आणि पातेल्याला ताप मिळतो. जळण ओलं असेल, राखेने हवेची वाट बुजली असेल किंवा ज्योत पुरती पेटण्याआधीच गार पातेल्याला टेकली, तर हेच वायू अर्धवट जळून धूर होतात. पातेल्याच्या बुडाची काजळी आणि शेजारच्या पोराचा खोकला या दोन्ही गोष्टी आपण विकत घेतलेल्या जळणातूनच येतात. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. उघड्या तीन दगडांच्या चुलीत जळणातली साधारण दहा ते पंधरा टक्केच उष्णता पातेल्यात पोचते. बाकी वाऱ्यावर जाते.

धुराचा हा तंटा काही आमच्याच परसातला नाही. लंडनमध्ये डिसेंबर १९५२ मध्ये पाच दिवस कोळशाच्या धुराचं दाट धुकं शहरावर बसलं आणि हजारो माणसं मेली. त्यानंतर १९५६ मध्ये तिथे स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि धूर-नियंत्रित विभाग ठरवण्यात आले. अशा विभागात राहणाऱ्याला शेगडीत काय जाळायचं आणि कोणती शेगडी वापरायची, याला नियम लागू झाले. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. पाव आणि नान भाजण्याच्या धंद्यात आपल्या समाजाची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भट्टी बदलायचा खर्च त्यांना जड जाणार, हे मान्यच. पण भट्टीशेजारच्या चाळीतही कुणीतरी खिडकी बंद करून बसलेलं असतं, हेही तितकंच खरं.

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवा ठरलेल्या मानकात न बसणाऱ्या शहरांच्या त्या यादीत आपलं कोल्हापूरही आहे. त्याला वाहनं, धूळ, कारखाने अशी अनेक कारणं आहेत. पण थंडीतल्या पहाटे हवा स्थिर असते, गार हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि धूर वर चढत नाही. सहरीची वेळ नेमकी तीच. दुपारी जो बंब कुणाला जाणवतही नाही, तोच पहाटे चार वाजता पूर्ण गल्लीत पसरतो.

मग आम्ही चुली पाहायला लागलो. कमी धुराच्या चुलींचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला, धुराड्याची पक्की चूल. माती-सिमेंटची, दोन पातेल्यांची, मागून नळी छताबाहेर गेलेली. सरकारचा सुधारित चुलींचा कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला आणि २००२ पर्यंत चालला. त्या काळात महाराष्ट्रात अशा चुली पुष्कळ बसल्या. त्यासाठी आपल्याकडे मोठं काम केलं ते पुण्याच्या 'आरती' म्हणजे ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने. लेखिका इरावती कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये ही संस्था उभी केली. आपल्या ऊसपट्ट्यात जाळून टाकलं जाणारं पाचट घेऊन त्याचा कोळसा आणि कांड्या करायची रीत या संस्थेने बसवली. त्यासाठी २००२ मध्ये तिला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्याच कांड्यांवर चालणारा त्यांचा 'सराई' कुकर मूठभर कोळशात चार-पाच माणसांचा डाळ-भात शिजवतो.

धुराड्याची चूल स्वयंपाकघर स्वच्छ ठेवते, यात शंका नाही. पण दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. एक, धुराडं झाडावं लागतं. ओडिशात अर्थशास्त्रज्ञांनी अशा चुली दिलेल्या कुटुंबांचा चार वर्षं मागोवा घेतला. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला. पुढे दुरुस्ती आणि सफाई मागे पडली आणि फायदा विरून गेला. दुसरी गोष्ट आमच्यासाठी जास्त मोठी होती. धुराडं धूर कमी करत नाही, तो फक्त बाहेर नेतं. शेतातल्या घराला ते पुरे आहे. आमच्या परसात मात्र धुराड्याचं तोंड बरोबर काकूंच्या खिडकीसमोर आलं असतं. आमचे डोळे वाचले असते, त्यांच्या नातवाची छाती नाही.

दुसरा प्रकार पंख्याच्या चुलीचा. खाली छोटा पंखा, वर लाकडाचे बारीक तुकडे किंवा भुशाच्या कांड्या. भरपूर हवा मिळाल्याने वायू जवळपास पुरते जळतात आणि धूर सर्वांत कमी होतो. पण पंख्याला वीज लागते आणि जळण एकसारखं बारीक करावं लागतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने निघालेली 'ऊर्जा' ही अशीच चूल. महाराष्ट्रासह काही राज्यांत ती लाखोंनी विकली गेली. पुढे तिच्या कांड्या महागल्या आणि बऱ्याच घरांत ती कोपऱ्यात पडली. चूल चांगलीच होती. पण जिचं जळण आपल्या हाताशी नाही, ती चूल टिकत नाही.

तिसरा प्रकार पत्र्याच्या किंवा ओतीव लोखंडाच्या उचलत्या चुलीचा. पंखा नाही, धुराडं नाही. आत उष्णता धरून ठेवणारा उभा नळकांड्यासारखा भाग, खाली जाळी, जाळीखालून हवा. उभ्या पोकळीत ज्योत ओढली जाते आणि पातेल्याला टेकण्याआधी तिला जळायला जागा मिळते. जळण पेन्सिलीपासून अंगठ्याएवढं जाड चालतं. झावळीच्या देठाचे आणि करवंटीचे तुकडेही चालतात.

दुकानदार प्रत्येक चुलीला 'निर्धूर'च म्हणतो. म्हणून एक खूण लक्षात ठेवा. भारतीय मानक संस्थेचं लाकूडफाट्यावरच्या उचलत्या चुलींसाठी आयएस १३१५२ हे मानक आहे, २०१३ चं. त्यानुसार बिनपंख्याच्या चुलीने जळणातली किमान २५ टक्के उष्णता पातेल्याला दिली पाहिजे, पंख्याच्या चुलीने किमान ३५ टक्के. पातेल्याला मिळणाऱ्या दर मेगाजूल उष्णतेमागे धुराचे कण बिनपंख्याच्या चुलीत ३५० मिलिग्रॅमच्या आणि पंख्याच्या चुलीत १५० मिलिग्रॅमच्या आत हवेत. याचा सरळ अर्थ असा की मानकात बसणारी चूलही थोडा धूर करतेच. अगदी बिनधुराची लाकडाची चूल नसते.

आम्ही तिसऱ्या प्रकारची चूल आधी गावाकडच्या नातेवाइकांकडून आठ दिवसांसाठी मागून आणली. विकत घेण्याआधी मागून आणणं, हा आमचा पहिला सल्ला. घरी एक साधा प्रयोग केला. सारखंच पाणी, तेच पातेलं, तेच वाळलेलं जळण तोलून घेतलं. एकदा जुन्या चुलीवर उकळी आणली, एकदा नव्या. नव्या चुलीला जळण जवळपास निम्मं लागलं. पातेल्याचं बूडही कमी काळं झालं.

पण अम्मी राजी नव्हत्या. "या डब्यावर भाकरी फुगत नाही." हा मुद्दा छोटा नव्हता. जुन्या चुलीत भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यांशी उभी करता येते. नव्या चुलीच्या तोंडाशी तेवढी जागाच नव्हती. चूल करणाऱ्यांनी पातेल्याचा विचार केला होता, भाकरीचा नाही. चार दिवस रुसवा चालला. मग तोड अम्मींनीच काढली. जाळ ओसरला की तवा उतरवायचा, चुलीवर लोखंडी जाळी ठेवायची आणि भाकरी तिथे फुगवायची. वापरणारीला विचारल्याशिवाय चूल घरात आणू नये, हा दुसरा सल्ला.

देगेचा प्रश्न वेगळा होता. एवढी जड देग छोट्या चुलीवर ठेवणं धोक्याचं. ती आम्ही मोठ्या गॅस बर्नरवर न्यायची ठरवली. चव बदलेल अशी भीती होती, पण मंद आच आणि धीर एवढं सांभाळलं तर खाणाऱ्याला फरक कळत नाही.

उरला बंब. त्याचा हिशोब आम्ही नववीच्या मुलांना गणित म्हणून घातला. २० लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट वीज लागते. पाच माणसांच्या पाच बादल्यांना रोज तीन युनिट. तेवढीच उष्णता वाळलेल्या लाकडातून घ्यायची तर चांगल्या बंबातही रोज अडीच किलोच्या वर जळण जाईल. गॅसवर तेच काम एक सिलिंडर साधारण दीड महिना करील. मुलांनी उत्तरं काढून दाखवल्यावर आम्ही घरी गेलो आणि गच्चीकडे पाहिलं. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर कोल्हापुरात उन्हाला काय तोटा? सौर बंबाचा खर्च एकदम अंगावर येतो, हे खरं. आम्ही तो हप्त्यांनी पेलला. पावसाळ्यासाठी विजेची सोय ठेवली. अब्बांचा तांब्याचा बंब मोडीत काढला नाही. चिंचेने घासून, लख्ख करून ठेवला आहे.

ज्यांना बंब लगेच सोडता येणार नाही, त्यांच्यासाठी चार गोष्टी. पेटवण्याआधी बंबात पाणी भरा आणि खालची राख रोज काढा. वरून नळी ठासून भरू नका, हवा कोंडली की धूर होणारच. जळण पावसाआधी फोडून, आडोशाला, जमिनीपासून उचलून ठेवा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला तर जळण वाळलं, बदबद आवाज आला तर अजून ओलं आहे. आणि प्लायवूड, रंग दिलेलं लाकूड, चपला, दुधाच्या पिशव्या यातलं काहीही जाळात घालू नका. प्लायवूडमध्ये गोंदाची रसायनं असतात, प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो. काकूंच्या नातवाला लाकडाहून जास्त त्रास बहुधा आमच्या त्या स्वस्त पोत्यानेच दिला असेल.

एक इशारा मात्र जिवाचा आहे. थंडी वाजते म्हणून पेटलेली शेगडी बंद खोलीत घेऊन झोपू नका, आणि गॅस गिझर बंद न्हाणीघरात बसवू नका. धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस झोपेतच जातो.

थोडक्यात, चूल घ्यायला निघालात तर आधी स्वतःला पाच प्रश्न विचारा. हे काम लाकडाशिवाय होईल का? होत नसेल तर माझ्या घरी कोणतं जळण बारा महिने वाळलेलं मिळतं? या चुलीवर मानकाचा शिक्का आहे का? ती जी वापरणार तिने हातात घेऊन पाहिली का? आणि ती जिथे ठेवणार, तिथून वारा कुणाच्या खिडकीकडे जातो?

हा पाचवा प्रश्न कोणत्याच दुकानात कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर भिंतीपलीकडेच मिळतं. आम्ही नवी चूल पहिल्यांदा पेटवली तेव्हा काकूंना परसात बोलावलं आणि सांगितलं, धूर आला तर ईदपर्यंत थांबू नका. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आता बोलेन." नातवाचा दमा काही एका चुलीने बरा होणार नाही. त्याला औषध चालूच आहे. पण मागची खिडकी उघडी असते.

शाबान सुरू झाला आहे. रमजानच्या तयारीत सरपण भरण्याआधी तुमच्याही शेजारी एकदा विचारून पाहा. ते आपणहून बोलणार नाहीत. आपल्या रोज्यांचा आदर म्हणून ते गप्प असतील. अल्लाह आपल्याला असे शेजारी देतो, आपल्यालाही तसं शेजारी होण्याची तौफीक देवो. आमीन.